सूर लिहायला शिकवणारे संन्यासी : अरेत्सोचे ग्वीदो



येत्या २४ जूनला आपण संत योहान बाप्तिस्ताचा जन्मोत्सव साजरा करणार आहोत. आजऱ्यात हा सण पावसातच येतो. शेतात कामाची घाई असते आणि मिस्साला आलेल्यांच्या छत्र्या चर्चच्या दारात ठिबकत असतात. गोव्यातील आपले नातेवाईक त्या दिवशी डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या घेतात. सण आनंदाचा आहे. पण त्या दिवशीच्या शुभवर्तमानात एक शांत क्षण येतो. आज त्याकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते.

जखऱ्याची वाचा गेलेली आहे. बाळाचे नाव काय ठेवायचे यावरून नातेवाइकांची चर्चा रंगली आहे. जखऱ्या खुणेने पाटी मागतो आणि तिच्यावर योहान हे नाव लिहितो. लिहून होताच त्याची जीभ मोकळी होते आणि तो देवाची स्तुती करू लागतो. आधी लिहिणे झाले, मग आवाज परत आला.

आज ज्यांची जीवनकथा सांगणार आहे, त्यांचे काम असेच होते. त्यांनी आवाज लिहिण्याची रीत घालून दिली. त्यामुळे ख्रिस्तसभेची हजारो गीते मुकी होण्यापासून वाचली. विशेष म्हणजे त्यांनी शिकवण्यासाठी निवडलेले गीत याच सणाचे होते. त्यांचे नाव ग्वीदो. इटलीतील अरेत्सो या गावावरून जग त्यांना अरेत्सोचे ग्वीदो म्हणून ओळखते. आपली मुले शाळेत डो, रे, मी म्हणतात, ते त्यांच्याकडून आलेले आहे.

पाठांतराची १० वर्षे

ग्वीदो यांचा जन्म इ. स. ९९० च्या सुमारास झाला. तरुणपणी ते पोम्पोसा येथील बेनेडिक्टाइन मठात दाखल झाले. हा मठ उत्तर इटलीत, एड्रियाटिक समुद्राजवळच्या पाणथळ प्रदेशात आहे. त्याची इमारत आजही उभी आहे.

मठातील जीवन प्रार्थनेभोवती फिरत असे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेल्या वेळी सारे संन्यासी चर्चमध्ये जमत आणि लॅटिन भाषेत स्तोत्रे गात. प्रत्येक सणाची, प्रत्येक संताची, प्रत्येक रविवारची गीते वेगळी. वर्षभराचा हिशेब केला तर हजारो गीते होतात. ही सर्व गीते लिहिलेल्या ग्रंथाला अँटिफोनर म्हणत. कातडे घासून, ताणून, वाळवून त्याची पाने तयार करायची, पिसाच्या लेखणीने त्यांवर एकेक अक्षर लिहायचे. असा एक ग्रंथ पुरा करायला अनेकांचे हात आणि अनेक महिने लागत.

पण एवढ्या कष्टाने लिहिलेल्या ग्रंथात एक मोठी उणीव होती. शब्द लिहिलेले असत, चाल मात्र नीट लिहिलेली नसे. शब्दांच्या डोक्यावर लहान लहान खुणा असत. आवाज वर गेला, खाली आला, थोडा हेलकावला, एवढेच त्या सांगत. किती वर आणि किती खाली, हे त्या सांगू शकत नसत. ज्याला चाल आधीच पाठ आहे त्याला त्या खुणा आठवण करून देत. ज्याने ते गीत कधी ऐकलेच नाही त्याच्यासाठी ग्रंथ मुकाच राही.

सातव्या शतकात सेव्हिलचे महागुरू संत इसिदोर यांनी असे मत नोंदवले होते की माणसाने स्मरणात ठेवला नाही तर नाद नाहीसा होतो, कारण नाद लिहिता येत नाही. पुढे सुमारे ४०० वर्षे बहुतेक सर्वांनी हे मान्य करूनच कारभार चालवला. मुलगा गुरूसमोर बसे, गुरू गात, मुलगा तसे म्हणे. अशी १० वर्षे घालवली तरी पक्का गायक तयार होईलच याची खात्री नसे.

यात आणखी एक अडचण होती. दोन गुरूंचे पाठांतर सारखे नसे. एकाच गावातील शिष्यांचे आपसात जुळत नसे, कधी गुरू-शिष्यांचेही जुळत नसे. चाल मुळात कोणाची हा प्रश्न बाजूला पडे आणि ती अमक्या गुरूची की तमक्या गुरूची यावर वाद होत. प्रार्थनेसाठी एकत्र आलेली माणसे सुरांवरून भांडत.

तरुण ग्वीदो यांना हे खटकत होते. त्यांचा मुख्य आक्षेप वेळेबद्दल होता. संन्याशांचे आयुष्य गीते घोकण्यात जाते, मग पवित्र शास्त्राचा अभ्यास कधी करायचा, असे त्यांना वाटे.

मठातून बाहेर

पोम्पोसात ग्वीदो यांचे मिखाएल नावाचे एक मित्र होते. दोघांनी मिळून चाली नेमक्या लिहिण्याची नवी पद्धत बसवली आणि त्या पद्धतीने अँटिफोनर लिहिण्याचे काम हाती घेतले. बाहेर त्यांचे नाव होऊ लागले. मठात मात्र कुरबुर सुरू झाली.

ही कुरबुर समजण्यासारखी आहे. ज्याने १० वर्षे घालवून गीते पाठ केली, त्याला मठात मान होता. नवशिक्या मुलगा काही महिन्यांत तेच करू लागला तर त्या मानाचे काय होणार? शिवाय ग्वीदो यांची लेखणी फार मऊ नव्हती. न समजता गाणाऱ्या गायकांबद्दल त्यांनी लिहिलेले शब्द झोंबणारे आहेत. माणूस योग्य बोलत असला तरी बोलण्याची रीत समोरच्याला दूर लोटू शकते. आपल्या घरांत आणि धर्मग्रामाच्या सभांतही आपण हे पाहतो.

मठाधिपतींनी तक्रार करणाऱ्यांची बाजू घेतली. १०२५ च्या सुमारास ग्वीदो यांना पोम्पोसा सोडावे लागले. मिखाएल मागेच राहिले. पुढे मिखाएलना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात ग्वीदो यांनी आपले दुःख एका जुन्या गोष्टीतून सांगितले आहे. एका कारागिराने न फुटणारी काच शोधून काढली आणि ती बादशहाला दाखवली. त्याला बक्षीस मिळायला हवे होते, पण त्याचा जीव गेला. नवी आणि उपयोगी गोष्ट घेऊन येणाऱ्याचे असे होते, हे त्यांना सुचवायचे होते.

तरीही पत्रात कडवटपणावर ते थांबत नाहीत. आपण हे काम प्रेमापोटी करतो, असे ते मित्राला सांगतात. ज्या गुरूंनी १० वर्षे घेऊन आपल्याला अर्धेमुर्धे शिकवले, त्यांच्यासाठीही आपण प्रार्थना करतो. मग जे एका वर्षात, फार तर दोन वर्षांत गायक तयार करून देतील, त्यांच्यासाठी पुढची पिढी देवाकडे क्षमा मागणार नाही का, असा त्यांचा विचार आहे. आणि लोक कृतघ्न निघाले, तरी देव कामकऱ्याची मजुरी बुडवणार नाही, ही त्यांची श्रद्धा होती.

लाल रेघ आणि पिवळी रेघ

मठ सोडलेल्या ग्वीदो यांना अरेत्सोचे महागुरुस्वामी तेदाल्दो यांनी आश्रय दिला. त्यांनी आपल्या कॅथेड्रलच्या गायनशाळेतील मुले ग्वीदो यांच्या हाती सोपवली. त्यांच्याच सांगण्यावरून ग्वीदो यांनी १०२६ च्या सुमारास मिक्रोलोगुस हे गायनशास्त्राचे छोटे पुस्तक लिहिले आणि त्यांनाच अर्पण केले. त्यात २० प्रकरणे आहेत. पुढची कित्येक शतके ते युरोपभर हाताने उतरवून घेतले गेले.

त्यांची पद्धत काय होती? थोडक्यात सांगतो.

त्यांनी पानावर आडव्या रेघा ओढल्या. प्रत्येक रेघ एका सुराची, आणि दोन रेघांमधली मोकळी जागा मधल्या सुराची. मग खूण ज्या रेघेवर किंवा ज्या जागेत बसली, तो तिचा सूर. खूण तीच, पण आता तिला पत्ता मिळाला. स्वरांना अक्षरे देण्याचे, एखादी रेघ ओढून पाहण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते. ग्वीदो यांनी ते सारे एकत्र आणून, लहान मुलालाही वापरता येईल असे सोपे केले.

रेघा सारख्या दिसल्या तर डोळा चुकतो. म्हणून त्यांनी दोन रेघांना रंग दिले, एक लाल आणि एक पिवळी, आणि रेघेच्या सुरुवातीला सुराचे अक्षर लिहिले. रंगांची जागाही त्यांनी विचारपूर्वक निवडली. आपल्या गायकवृंदाच्या पेटीवर पाहा. पांढरी एकचा सा धरला, तर दोन ठिकाणी शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळी पट्टी नाही: ग आणि म यांच्यामध्ये, तसेच नी आणि वरचा सा यांच्यामध्ये. तिथे सुराचे अंतर अर्धेच असते आणि नवखा गायक नेमका तिथे घसरतो. ग्वीदो यांची लाल रेघ आपल्या त्या म वर येते आणि पिवळी रेघ सा वर. पायरी जिथे ठेंगणी आहे, तिथे त्यांनी रंगाची खूण करून ठेवली.

याचा परिणाम त्यांनी स्वतः नोंदवला आहे. अरेत्सोच्या शाळेतील काही मुले एका महिन्याच्या अभ्यासानंतर, पूर्वी कधी न पाहिलेली, न ऐकलेली गीते पानावर पाहून न अडखळता गाऊ लागली. लोकांना तो चमत्कारच वाटला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला बोएथियस यांचे विचार अभ्यासावे लागत. त्यांनी संगीतावरही मोठा ग्रंथ लिहिला असून त्यात सुरांच्या अंतरांचे गणित आहे. ग्वीदो यांनी तो वाचला होता, त्याचा आदरही केला. पण शेवटी त्यांनी लिहून टाकले की तो ग्रंथ तत्त्वज्ञांच्या उपयोगाचा आहे, गायकांच्या नाही. हे वाचून मला थोडे हसू आले आणि थोडे लागलेही. माझे उपदेश ऐकून तुमच्यापैकी काहींना असेच वाटत असेल!

योहान बाप्तिस्ताचे गीत

रेघांमुळे सूर पानावर आला. पण पानावरचा सूर गळ्यात कसा उतरवायचा? मुलांना पायरी पायरीने वर चढवणारे काहीतरी हवे होते. ग्वीदो यांना ते संत योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या सांजप्रार्थनेत सापडले.

त्या सणाचे एक जुने लॅटिन स्तोत्र आहे. ते आठव्या शतकातील पॉल द डीकन या विद्वान संन्याशाने रचले, असे मानले जाते. पास्काच्या जागरणविधीत गाण्याच्या वेळी त्याचा आवाज बसला आणि तो परत मिळावा म्हणून त्याने जखऱ्याच्या मुलाचा धावा केला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, स्तोत्राचा आशय तोच आहे: तुझी स्तुती मोकळ्या कंठाने गाता यावी म्हणून आमचे ओठ शुद्ध कर.

या स्तोत्राची चाल अशी आहे की पहिल्या सहा तुकड्यांपैकी प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापेक्षा एक सूर वरून सुरू होतो. ही चाल ग्वीदो यांनी स्वतः बांधली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या सहा तुकड्यांची पहिली अक्षरे म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. मुलाने हे एक गीत पक्के केले की सहाही सूर त्याच्या गळ्यात बसले. नवे गीत समोर आले की तो आपल्या गीताकडे वळून पाही आणि सूर शोधून काढी. पुढे सातवा सूर सी आला. त्याचे नाव लॅटिनमधील संत योहान या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. उत म्हणायला अवघड, म्हणून सतराव्या शतकात इटलीत त्याच्या जागी डो म्हणू लागले.

आपल्या देशात सा, रे, ग, म ही स्वरनामे ग्वीदो यांच्या कित्येक शतके आधीपासून होती. त्यामुळे आपल्याला याचे नवल वाटणार नाही. देवाने गळा सर्वांना दिला आणि तो ओळखण्याची बुद्धीही सर्वांना दिली.

पोपमहोदयांची शिकवणी

अरेत्सोच्या मुलांची कीर्ती रोमपर्यंत गेली. पोप योहान एकोणिसावे यांनी ग्वीदो यांना बोलावणे पाठवले. १०२८ च्या सुमारास ते एक मठाधिपती आणि अरेत्सोच्या धर्मगुरूंचे प्रमुख यांच्यासोबत रोमला गेले. आपला हस्तलिखित अँटिफोनर त्यांनी बरोबर घेतला होता.

पोप योहान हे काही थोर संत नव्हते. पोप म्हणून निवड होईपर्यंत ते प्रापंचिक होते आणि घराण्याच्या जोरावर त्या आसनावर आले होते. मठातील पाठांतराची वर्षे त्यांनी कुठून काढलेली असणार! पण त्या दिवशी त्यांनी एक चांगली गोष्ट केली. त्यांनी ग्रंथ हातात घेतला, पाने उलटली, नियम विचारून घेतले आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता येईपर्यंत ते जागेवरून उठले नाहीत. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस शिकाऊ मुलासारखा बसला आणि शिकला.

ग्वीदो यांनी तिथेच राहून रोमच्या धर्मगुरूंना शिकवावे, अशी इच्छा व्यक्त झाली. पण रोमचा उन्हाळा आणि तिथली दमट हवा त्यांना सोसली नाही. ते आजारी पडले. हिवाळ्यात परत येऊन शिकवावे, असे ठरले आणि त्यांनी निरोप घेतला.

मठाधिपतींचा पश्चात्ताप

त्याच दिवसांत ग्वीदो आपल्या जुन्या मठाधिपतींना भेटायला गेले. त्यांचेही नाव ग्वीदोच होते. ज्यांनी तक्रारी ऐकून घेतल्या आणि ज्यांच्यामुळे मठ सोडावा लागला, तेच हे मठाधिपती. ग्वीदो यांनी त्यांच्यासमोर तो अँटिफोनर ठेवला.

मठाधिपतींनी तो पाहिला, पारखला आणि आपण चुकलो हे मान्य केले. विरोधकांचे ऐकले याचा त्यांना पश्चात्ताप झाला. त्यांनी ग्वीदो यांना पोम्पोसाला परत यायची विनंती केली. संन्याशाने बिशपांच्या दारी राहण्यापेक्षा मठात राहणे बरे, असेही सांगितले, कारण त्या काळी धर्मपदे पैशाने विकत घेण्याचा रोग फार पसरला होता.

हे मठाधिपती १०४६ साली वारले आणि ख्रिस्तसभा त्यांना पोम्पोसाचे संत ग्वीदो म्हणून मान देते. मला या जीवनकथेतील हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संतांच्या हातूनही चुका होतात. एका कामाच्या माणसाला त्यांनी जाऊ दिले, एक चांगले काम थांबवले. पण चूक दिसल्यावर त्यांनी आपल्या पदाचा मान आड येऊ दिला नाही.

यानंतर थोड्याच वर्षांत गायनगुरू ग्वीदो यांचे नाव कागदपत्रांतून दिसेनासे होते. पोप योहान यांनी मांडीवर घेतलेला तो अँटिफोनरही आज उपलब्ध नाही. त्याची फक्त प्रस्तावना उरली आहे. पण त्यांची रीत हजारो हातांनी उतरवून घेतली. अरेत्सोने १८८२ साली त्यांचा पुतळा उभारला आणि तिथे त्यांच्या नावाने गायकवृंदांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते.

रोमपासून गोव्यापर्यंत

सूर नेमके लिहिता येऊ लागले, तसे आणखी एक दार उघडले. एकाच वेळी दोन, तीन, चार वेगवेगळे आवाज एकमेकांत गुंफून गाता येऊ लागले, कारण प्रत्येकाचा सूर पानावर पक्का होता. मिक्रोलोगुसमध्ये दोन आवाजांच्या गायनावरही लिहिलेले आहे. पुढच्या शतकांत मोठमोठे गायनग्रंथ तयार झाले. एकच ग्रंथ उंच घोडीवर ठेवायचा आणि सारा गायकवृंद भोवती उभा राहून त्यातून गाणार, अशी पद्धत होती.

सोळाव्या शतकात हे लॅटिन गायन गोव्यात आले. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेजो, म्हणजे सुरांचे वाचन शिकवले जाई. ज्यांना मेस्त्री म्हणत, ते गायनशिक्षक रेघा ओढून सूर लिहीत आणि मुले ते आपल्या वहीत उतरवून घेत. उपवासकाळात गायचे लॅटिन मोतेत गोव्याच्या संगीतकारांनीही रचले आणि ते मुख्यतः अशा हस्तलिखितांतून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातून घाट चढून या भागात आले. त्यांनी भाषा आणली, भक्ती आणली आणि गाणीही आणली.

ग्वीदो यांना झालेला विरोध आपल्याकडेही अपरिचित नाही. आपल्या जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आणि मुंबईचे पंडित भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीत लिहून ठेवण्याच्या पद्धती बसवल्या. त्या काळी अनेक उस्ताद आपल्या चिजा बाहेर जाऊ देत नसत. गळ्यातली विद्या गळ्यातच राहावी, असा आग्रह असे. तरीही या दोघांनी ती लिहिली, शिकवली, छापली. त्यामुळे ज्यांच्या घरात गाणे नव्हते त्यांच्या मुलांनाही ते शिकता आले.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात नवीनच गेलो असताना मी सॅक्रिस्तीची कपाटे साफ करायला काढली. तळाशी दोऱ्याने शिवलेल्या काही वह्या होत्या. हाताने ओढलेल्या पाच-पाच रेघा, जांभळी शाई, खाली लॅटिन शब्द. कोपरे वाळवीने खाल्लेले. मिस्सा मराठीत होते, लॅटिन कोणाला येत नाही, असा विचार करून मी त्या वह्या रद्दीत दिल्या.

पुढच्या उपवासकाळात एक वृद्ध गृहस्थ आले. पवित्र शुक्रवारी पूर्वी गायचे ते गीत या वर्षी गाऊ या, वही कपाटात आहे, असे म्हणाले. मी काय केले ते त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्याला पाठ असलेला भाग गाऊन दाखवला. तो सर्वांत खालचा आवाज होता. वरचे दोन आवाज गाणारे केव्हाच देवाघरी गेले होते आणि त्यांचे सूर फक्त त्या वहीत होते. तीन आवाजांपैकी एकच आवाज त्या दुपारी रिकाम्या चर्चमध्ये घुमला. तो अजून माझ्या कानांत आहे.

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण त्याच दस्तऐवजात पवित्र संगीताचा ठेवा काळजीपूर्वक जपावा, असेही सांगितले आहे. मी पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो. पोम्पोसाच्या मठाधिपतींना निदान चूक सुधारता आली. माझ्या हातून गेलेल्या वह्या परत येणार नाहीत. पण आपल्या धर्मग्रामात तसे होऊ नये, यासाठी काही करता येईल.

आपण काय करू शकतो

आपल्या घरात आजोबा-पणजोबांच्या, मावशी-आत्यांच्या गाण्याच्या वह्या असतील तर त्या शोधा. लॅटिन, कोंकणी, मराठी, कोणत्याही भाषेतील असोत. माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या गठ्ठ्यात पाहा. पावसाळ्यात कागदाला ओल लागते, म्हणून हे काम लगेच करा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. पाने सुटी झाली असतील तर तशीच सांभाळून एका कोरड्या पिशवीत ठेवा.

पुढील दोन रविवारी मिस्सानंतर मी सॅक्रिस्तीत थांबेन. वही तुमचीच राहील. आपले तरुण मोबाइलवर तिच्या पानापानाचे फोटो घेतील आणि वही तुमच्या हाती परत देतील. वही कोणी उतरवली, ते कुठे गात, हेही लिहून घेऊ.

ज्यांच्याकडे वही नाही पण गाणे पाठ आहे, अशा वडीलधाऱ्यांनी कृपया संकोच करू नये. आवाज कापरा झाला असला तरी चालेल. सूर कुठला ते पान सांगते. श्वास कुठे घ्यायचा, कुठे हळू व्हायचे, हे मात्र गाणाराच सांगू शकतो. ज्यांना चर्चपर्यंत येणे जमत नाही, त्यांच्या घरी आम्ही येऊ.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. मिळालेल्या गीतांपैकी एकेक पान तुम्ही स्वतःच्या हाताने उतरवायचे आहे. फोटो काढला की हातातले काम संपते, पण हाताने लिहिताना प्रत्येक सुरापाशी थांबावे लागते. मग ते गीत आपण शिकू आणि गाऊ. जुनी वही काचेच्या कपाटात ठेवून तिला हार घालणे ग्वीदो यांना आवडले नसते. मुलांनी तिच्यातून गावे, यासाठीच त्यांनी सारा खटाटोप केला होता.

जखऱ्याने पाटी मागितली, तेव्हा कोणीतरी उठून त्याला ती आणून दिली. त्या माणसाचे नाव बायबलमध्ये नाही. पण त्याने पाटी दिली म्हणून नाव लिहिले गेले, आणि मग स्तुतीचा आवाज फुटला. या सणाला आपल्या वडीलधाऱ्यांच्या हाती ती पाटी आपण देऊ या.

हे परमेश्वरा, ज्यांनी रात्री जागून तुझी गीते उतरवली आणि ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, त्या सर्वांना तुझ्या सान्निध्यात चिरविश्रांती दे. आमचे ओठ शुद्ध कर आणि आमच्या मुलांचे कंठ मोकळे कर. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू